सालदार म्हणून आलेला कॉम्प्युटर

वैशाख लागला की आमच्या धुळ्याच्या कॉलनीत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास जिन्यात भरून राहतो, कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत असतात, आणि नेमके याच दिवसांत आईबाप मला गाठतात. मी शाळेत मराठी शिकवते. निकालाचा दिवस असतो. एका हातात प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात पोराची मानगूट आणि प्रश्न ठरलेला, "मॅडम, याला घरी लॅपटॉप घेऊन दिला तर टक्के वाढतील का हो?" मी काय सांगणार, कपाळ! "बघा बाई, घ्या, पण लक्ष ठेवा," असं काहीतरी गुळमुळीत बोलते आणि पुढच्या पोराचं नाव पुकारते. पण कान तापलेले असतात. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी घरातला कॉम्प्युटर आणि पोरांचे मार्क हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला लाज वाटते. अगदी रस्त्यात पदर सुटावा तशी.

लाज वाटावी असं मी काही केलं होतं का? नाही. हे मी स्वतःला हजारदा बजावलंय. लाजेला त्याची पर्वा नसते, ती आपली येते.

आमचं गाव असोदा. जळगावला लागूनच, सायकल मारली तरी जाता येईल इतकं. केळी आणि कापूस, दुसरं बोलणं नाही. आणि सणांत सण आखाजी. बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया सोनं घ्यायला येते आणि जाते. आमच्याकडे तिची दिवाळीइतकी वाट पाहतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. घराघरांतून आमरसाचा आणि तळलेल्या सांजोऱ्यांचा वास. पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते कुटत बसतात, आणि त्या एका दिवशी त्यांना कुणी काही म्हणत नाही. आणखी एक गोष्ट असते. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. वर्षभर शेतात राबणारा गडी त्या दिवशी ओट्यावर येऊन बसतो, चहा होतो, बोलणी होतात, नवं साल ठरतं. सालदार ठरला की मालक निर्धास्त. पाणी तो देणार, खत तो घालणार, मालकाने फक्त बांधावरून बघायचं.

नाना म्हणजे माझे वडील. गाव त्यांना नाना म्हणायचं म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. नव्वदच्या दशकातलं ते एक वर्ष केळीला फार चांगलं गेलं. सावद्याच्या एका व्यापाऱ्याकडे नाना केळीच्या बोलणीला गेले होते, तिथे त्यांनी बैठकीत कॉम्प्युटर पाहिला. त्या व्यापाऱ्याचा मुलगा नुकताच बोर्डात आला होता. झालं! नानांनी या दोन गोष्टींची गाठ मारली ती मारलीच. बोर्डात येणारी पोरं त्यांनी आधीही पाहिली होती, पण ती कंदिलाखाली शिकलेली. बैठकीत कॉम्प्युटर असलेला हा पहिलाच.

आखाजीचा मुहूर्त धरून ते यंत्र जळगावहून टेम्पोत आलं. खाली केळीची पानं, वर गोधडी, आणि दुकानातला माणूस ते पोटाशी धरून बसलेला. आईने औक्षण केलं. नाना त्याच्यापुढे नारळ फोडायला निघाले तेव्हा तो माणूस ओरडलाच, "पाणी नको, पाणी नको!" मग नारळ उंबऱ्यावर फोडला. ओट्यावर त्या वर्षीचा सालदार आधीच ठरून गेला होता. नाना सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आजपासून हा आपल्या विलूचा सालदार हाये. पोराच्या अभ्यासाची काळजी मिटली." लोक हसले. नाना हसत नव्हते. जूनमध्ये त्यांनी विलूची शिकवणी बंद केली. घरात सालदार असताना रोजाने माणूस कशाला लावायचा, हा त्यांचा हिशोब सरळ होता.

विलू माझा भाऊ, माझ्याहून वर्षाने मोठा. लहानपणी कावीळ झाली म्हणून त्याचं एक वर्ष गेलं आणि आम्ही दोघं एकाच वर्गात आलो. त्या वर्षी नववीत. पोरगा गरीब, गोड बोलणारा, आणि नानांचा जीव की प्राण. कॉम्प्युटर त्याच्यासाठी आला होता. माझ्यासाठी नियम होता. हात लावायचा नाही. "पोरींचं काम नही ते. बिघडलं तं जळगावहून मानूस आनाव लागते." मी हिरमुसले, खोटं कशाला सांगू? दोनेक दिवस नाक मुरडून फिरले. मग विसरले. आमच्या घरात मोटरसायकलला, रेडिओला आणि नानांच्या पानाच्या डब्यालाही माझा हात चालत नव्हता, त्यात आणखी एक भर.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमची पुढची खोली. चपला बाहेर, दार बंद, घरातला एकुलता कूलर तिथे. आम्ही बाकीचे ओसरीवर घामाने निथळत बसायचो आणि सालदार गार हवेत. दिवाळीनंतर कापूस वेचून आला की तो दरवर्षी त्याच खोलीत भरत, भाव येईपर्यंत. त्या वर्षी नानांच्या मनात क्षणभरही आलं नाही की कापूस दुसरीकडे ठेवावा. खोली आढ्यापर्यंत पांढरी झाली, मध्ये एवढीशी वाट, वाटेच्या टोकाला टेबल आणि टेबलावर ते यंत्र. विलू कापसात कमरेपर्यंत बुडून बसायचा. पुढे ते बंद पडलं. जळगावचा माणूस आला, त्याने मागचं झाकण उघडलं आणि आतून मूठभर सरकी-कापूस काढून नानांपुढे धरला. "नाना, यात उशी भरायची होती का?" सारे हसले, नानाही हसले. त्यांनी कापूस दुसऱ्याच दिवशी विकून टाकला, भावाची वाट न बघता. शेतकऱ्याला हे किती जड जातं ते शेतकऱ्यालाच माहीत. विलूसाठी त्यांनी तेही केलं.

त्या खोलीतून कधी कधी एका बाईचा आवाज यायचा. फाडफाड इंग्रजी. अभ्यासाच्या सीडी होत्या त्या, यंत्राबरोबरच आल्या होत्या. आवाज सुरू झाला की नाना ओसरीवरच्या माणसांना हाताने गप्प करायचे. "ऐका." माणसं मान खाली घालून ऐकायची, कुणीतरी "वा" म्हणायचं. माझी आई चुलीपुढून उठून दाराशी यायची. आणि लाईट गेली किंवा रानातल्या पाण्याच्या मोटारी सुरू होऊन विजेचा दाब पडला की ती बाई अर्ध्या शब्दात तुटायची.

मी कुठे अभ्यास करायचे? विचारूच नका. फाल्गुनात आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारीच्या पिठाचा घाटा पहाटे शिजवायचा, गरम गरम थापायचा, गच्चीवर धोतरांवर वाळत टाकायचा. शेजारच्या चार बाया येणार, हसणार, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढणार. वाटीभर घाटा तेल टाकून खायचा आणि मग मला काठी देऊन गच्चीवर बसवणार, कावळे हाकायला. हातात काठी, मांडीवर भूमिती. इतकं कंटाळवाणं काम की माणूस सुटका म्हणून प्रमेय पाठ करतो. यात माझी काही हुशारी नव्हती. आता मुलांना मी सांगते की आम्ही कसा अभ्यास केला, तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसतात. हसोत बिचारी. त्यांच्या हातात काठी नाही, मोबाईल आहे, आणि कावळे हाकण्यापेक्षा तो केव्हाही गोड.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल लागला. सरांनी माझं नाव पहिलं घेतलं. नववीत मी पहिली. टाळ्या वाजल्या, मी हसत होते, आणि हसता हसता विलूकडे नजर गेली. त्याच्या प्रगतिपुस्तकात गणित आणि इंग्रजी, दोन्हींखाली लाल रेघ. नापास. घरी येताना तो माझ्यामागे चालत होता. वेशीपाशी म्हणाला, "तू पुढे जाय. मी येतो." मी पुढे गेले. मनातून पळतच गेले. पहिला नंबर होता हो माझा!

आईला सांगितलं. तिने आधी बाहेर पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं, चिमूटभर साखर तोंडात घातली आणि म्हणाली, "हळू बोल." पेढे नकोत, शेजारी सांगायला नको, नानांना आधी सावरू दे. मी साखर चघळत उभी राहिले. माझी लाज तिथे सुरू झाली असावी. पहिला नंबर आल्याची लाज. आजही वर्गात निकाल वाचताना पहिल्या मुलीचं नाव आलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. पोरी म्हणतात, "मॅडम, मोठ्याने ना!"

नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवणं झाल्यावर त्यांनी विलूला समोर बसवलं आणि सांगितलं, शाळा बस झाली. चार दिवसांनी आखाजी आहे, त्या दिवसापासून सालदाराबरोबर रानात जायचं, जूनमध्ये दाखला काढून आणायचा. विलूला ड्रॉइंगची आवड होती, रंगीत खडूंनी तो असे बैल काढायचा की ते आत्ता उठतील असं वाटे. त्याला शिकायचं होतं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं. नानांपुढे कोण बोलणार?

आखाजी आली. घर माणसांनी भरलं. माझी मोठी आत्या साक्रीकडे दिलेली, तिकडे राहून राहून तिची बोली पार अहिराणी होऊन गेली होती. ती आली की बाकीच्या बाया मुद्दाम तिची नक्कल करायच्या आणि ती मनसोक्त शिव्या द्यायची. त्या दिवशी जेवणं झाली, पुरुष ओट्यावर, बाया ओसरीत, विलू पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता. आत्याने तिथूनच कॉम्प्युटरच्या खोलीकडे हात करून हाक मारली, "का रे नाना, हाऊ तुन्हा नवा सालदार कामना निंघना का नही?"

पत्ते थांबले. सगळ्यांना माहीत होतं. गावात निकाल लपतो का कधी?

नानांनी एक पत्ता टाकला आणि म्हणाले, "निंघाला तं! पहिला नंबर आला आपल्या घरात. ते काय, ते पोरगी." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्यावरच शिकली. एकाच कॉम्प्युटरवर दोघं बसले. एक पहिली आली, एक नापास झाला. आता बैलच बसका निंघाला तं गडी काय करीन?"

लोकांनी माना हलवल्या. बरोबर आहे, यंत्राचा काय दोष! आमच्या शेजारचे म्हातारे आबा म्हणाले, "मंग माह्या नातवाले बी घेऊन टाकतो." विलू तांब्या हातात धरून तसाच उभा. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला एकदम उमगलं की माझे मार्क त्याच्यावर दगडासारखे टाकले जाताहेत. यंत्र सुटलं, नाना सुटले आणि सगळं विलूच्या डोक्यावर आलं. आता त्याला शाळेत कोण पाठवणार?

आत्या मला म्हणाली, "काय व पोरी, हाई डबडं कसं शिकाडस? माले दखाड बरं."

मी म्हणाले, "मले काय माहीत आत्या? मी त्याले आजपावतो हातच नही लावला."

असं काही शांत झालं सगळं! झोक्यावरच्या पोरींचं गाणं तेवढं बाहेरून येत होतं. ओट्यावर कुणीतरी फसकन हसलं आणि हसू खोकल्यात लपवलं. नानांचं तोंड मी पाहिलं. वर्षभर सगळ्या गावाला आवाज ऐकवणारा माझा बाप, सणाच्या दिवशी, बहिणींसमोर, स्वतःच्या पोरीच्या तोंडून खोटा पडला होता. ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ऊन लागलं पोरीले." आईने मला आत ओढून दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा झाला. "काय नडलं होतं व तुले?"

विलू नडला होता. मी पुन्हा त्या ओसरीत असते तर पुन्हा तेच बोलले असते. आणि तरी, खरं सांगते, बापाचं नाक कापल्याची ती लाज अजून अंगातून जात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही.

उन्हं कलल्यावर बाया झोक्यांकडे गेल्या. नानांनी आम्हा दोघांना पुढच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता मार. नाना खुर्चीवर बसले होते, कॉम्प्युटरपुढे. त्या खुर्चीवर मी त्यांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं. विलूला म्हणाले, "लाव." विलूने लावला. "गनिताचं लाव." विलूने सीडी घातली आणि ती बाई बोलू लागली. नाना ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, सगळं ऐकत राहिले. पडद्यावर त्रिकोण आले, गेले. ती थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हने ती?"

विलू सीडीचं कव्हर उलटसुलट करू लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही दोन-तीन शब्दांपलीकडे काही कळलं नव्हतं. आमची शाळा मराठी, आमची त्रिज्या आणि परीघ मराठी, ही बाई कुठली काय बोलत होती कोण जाणे!

"विलू, तुले समजते का हे?"

विलूने मान हलवली. नाही.

"अन् मंग वरीसभर अठी काय करत होता?"

"गेम खेळत होतो," विलू म्हणाला. "त्याच्यात वाचाव नही लागत. कोनी आलं का हे लावून देत होतो."

मी डोळे मिटून घेतले. आता नक्की. पण नानांचा हात उठला नाही. त्यांनी अगदी हळू विचारलं, "मले सांगितलं काहून नही? मी काय खाल्लं असतं का तुले?"

विलू रडायला लागला होता. नाकातलं पाणी बाहीने पुसत म्हणाला, "तुम्ही साऱ्याइले सांगत होते ना नाना, विलूले येते म्हनून. मंग मी कसं सांगू?"

नाना उठले आणि बाहेर ओट्यावर गेले. पत्त्यांचा डाव अजून चालू होता. आतून आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा जरा मोठा. "आबा, नातवाले कॉम्प्युटर घेऊ नका. त्याच्यात सारं इंग्रजी हाये. मलेच त्यातलं काही समजत नही, मी उगाच सांगत होतो. पोरीनं खरं सांगितलं. अन् विलू रानात नही जानार. नववीत परत बसीन तो, शिकवनी लावतो त्याले."

ओट्यावर कुणी हसलं नाही. आबा "बरं" म्हणाले. मग कुणीतरी पत्ते पिसू लागलं.

विलूने तोंड पुसलं, बाहेर गेला आणि नानांच्या शेजारी मांडी घालून बसला. नानांनी त्याच्याकडे न बघता थोडं सरकून त्याला जागा दिली. मी उंबऱ्यात उभी होते. नाना एकदा मागे वळून म्हणाले, "काय व, तुले पेढे पाहिजे ना? उद्या जळगावहून आनतो." मला मान वर करून "हो" म्हणता आलं नाही.